शेजारचं पान

किच्चूनं शेजारच्या पानावरचा पापड उचलला, कानाशी नेला आणि मुठीत चुरला. आवाज संपेपर्यंत तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग मूठ उघडून भुगा टेबलावर सोडला आणि हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसला.

"पुन्हा," ऐशाबी टीचर म्हणाल्या. डब्यातून त्यांनी नवा पापड काढला आणि त्याच पानावर ठेवला.

"टीचर, परवा लग्न आहे," रंजिनी म्हणाली. ते पान तिचं होतं आणि किच्चू तिचा मुलगा.

"म्हणूनच म्हणते, पुन्हा."

"तीन महिने पुन्हाच चाललंय. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्याच्या पापडाला हात लावू नको, एवढंच तर सांगतोय. वेद पाठ करायला नाही सांगत."

टीचर हसल्या. वाचनालयामागच्या एका खोलीत पंचायतीची ही शाळा भरायची. किच्चूसारखी सहा स्वमग्न मुलं तिथं यायची आणि हसल्याशिवाय दिवस निघायचा नाही. चारचौघांत बसणं, थांबणं, दुसऱ्याचं दुसऱ्याला राहू देणं, हे टीचर अशा मुलांना बावीस वर्षं शिकवत होत्या. दर शुक्रवारी टेबलावर केळीची पानं मांडून त्या पंगत बसवायच्या. अकरा वर्षांच्या किच्चूला शब्द मोजकेच यायचे, म्हणून त्याच्यासाठी त्यांनी चार चित्रं काढून एका कडीत ओवून दिली होती. पहिल्यात खुर्चीवर बसलेला मुलगा. दुसऱ्यात वाढप्याची वाट बघणारा. तिसऱ्यात दोन पानं आणि मध्ये लाल रेघ. रेघेपलीकडे हात न्यायचा नाही. चौथ्यात तोच मुलगा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिटलेलं पान, म्हणजे जेवण झालेलं.

त्या चौथ्या चित्रानं फार छळलं होतं. 'सगळ्यांचं झालं की उठायचं' हे काही केल्या किच्चूच्या डोक्यात शिरेना. सगळे म्हणजे कोण? झालं म्हणजे काय? शेवटी टीचरांनी नियमच बदलला. उजवीकडचं पान मिटलं, डावीकडचं पान मिटलं, की आपलं मिटायचं आणि उठायचं. दोन पानं डोळ्यांना दिसतात, सगळे दिसत नाहीत. हे त्याला एका शुक्रवारात जमलं. घोडं अडलं होतं ते पापडापाशी.

"नेऊ की नको, ते तरी सांगा," जाताना रंजिनीनं विचारलं.

"मला विचारतेस? मी काय लग्नातली आहे?" टीचर उष्टी पानं गोळा करत म्हणाल्या. "ने. काय होईल? एक पापड जाईल."

एक पापड गेला तर काय होतं, ते रंजिनीला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी ओणमच्या जेवणाला थोरल्या भावाच्या, हरिदासनच्या घरी किच्चूनं ओळीनं अकरा पानांवरचे पापड चुरले होते. भावजयीच्या भावानं त्याचा हात धरला, तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की शेजारपाजारचे कुंपणाशी गोळा झाले. त्यानंतरचे ओणम मायलेकांनी आपल्याच स्वयंपाकघरात साजरे केले. नवरा मस्कतला. तो फोनवर म्हणायचा, "अपमान करून घ्यायला जायचंच कशाला?" मस्कतहून असं म्हणणं सोपं असतं. किच्चूला माणसांत बसायचं होतं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. तिला मात्र बसायचं होतं, आणि त्याला मागं ठेवून नाही.

आता हरिदासनच्याच मुलीचं लग्न होतं. पत्रिका द्यायला दोघं आले तेव्हा भावजय म्हणाली होती, "रंजू, रागावू नको हं. त्या दिवशी त्याला कुणाकडे तरी ठेवलंस, तर तुलाही जरा मोकळेपणानं मिरवता येईल."

"एडत्ती, तो येणार नसेल तर मीही नाही."

हरिदासन मध्ये पडला. "आण त्याला. पहिल्याच पंगतीला टोकाला बसा, जेवा आणि निघा. नीट बसला तर ओणमला मी स्वतः न्यायला येईन. पण तमाशा झाला तर रंजू, हा विषय पुन्हा काढायचा नाही. आम्हालाही चार लोकांत तोंड दाखवायचंय."

ती 'बरं' म्हणाली होती. त्या 'बरं'चा राग तिला अजून येत होता.

रविवारी ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून झाली आणि नादस्वरम थांबायच्या आत माणसं जेवणघराच्या दाराशी दाटली. आमच्याकडे लग्न चार मिनिटांचं असतं आणि पानासाठीची चेंगराचेंगरी दोन तासांची. दार उघडलं तशी पाहुण्यांची लाट आत घुसली. रंजिनीनं किच्चूचं मनगट घट्ट धरलं आणि भावजयीनं बोटानं दाखवलेल्या टोकाकडे त्याला नेलं. हात धुण्याचे नळ तिथून दोन पावलांवर होते. शेवटच्या खुर्चीवर वल्यम्मामा आधीच आणून बसवलेले होते.

वल्यम्मामा म्हणजे तिच्या आईचे थोरले मामा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. कंपवातानं त्यांचा हात सतत थरथरायचा आणि घास तोंडापर्यंत पोचेतो अर्धा सदऱ्यावर सांडायचा. एके काळी हे खाकरल्याशिवाय घरात पान मांडलं जात नसे, आणि यांनी पान मिटल्याशिवाय पंगतीतून कुणाची उठायची छाती नव्हती. नऊ वर्षांचा हरिदासन एकदा मधेच उठून खेळायला पळाला, तर त्याला अंगणातून परत बोलावून त्यांनी रिकाम्या पानावर बसवून ठेवलं होतं, स्वतःचं ताक-भात संपेपर्यंत. हा किस्सा घरात अजून सांगत आणि हसत.

"ये, रंजू," ते म्हणाले. "आज आपल्याला मानाची जागा दिलीय. नळ जवळ!"

रंजिनीला हसू आलं नाही. तिनं किच्चूला दोघांच्या मध्ये बसवलं आणि कडीतलं पहिलं चित्र दाखवलं. तो बसला. दुसरं दाखवलं. तो थांबला. वाढपी धावत येत होते: लोणची, केळ्याचे काप, अवियल, ओलन. किच्चू पानावर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाकडे वाकून बघत होता. मग पापड आला. रंजिनीनं तिसरं चित्र काढलं आणि लाल रेघेवर बोट टेकवलं. मग कडी त्याच्या खिशात ठेवली.

किच्चूनं स्वतःचा पापड उचलला, कानाशी नेला, चुरला, ऐकला. समोरची बाई घास थांबवून बघायला लागली.

"त्याला आवाज आवडतो," रंजिनी म्हणाली, विचारलं नसताना.

तेवढ्यात वल्यम्मामांचा हात हेलकावला आणि त्यांचा पापड सरकून किच्चूच्या पानावर आला. पूर्ण, फुगलेला, कुरकुरीत. किच्चू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोन बोटांच्या चिमटीत तो धरला, वल्यम्मामांच्या पानावर नेऊन ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"पोरगं प्रामाणिक निघालं," वल्यम्मामा म्हणाले. "बापावर नाही गेलं."

रंजिनीला एवढा आनंद झाला की तिला रडू येतंय असं वाटलं. तिनं मान वळवून भावाला शोधलं. तो लांब, नवरदेवाकडच्यांच्या पानांवर तूप वाढायला लावत उभा होता. बघायला पाहिजे तेव्हा हा माणूस कधी बघायचा नाही.

डाळ झाली, सांबार झालं. पायसम येईपर्यंत प्रत्येक खुर्चीमागे एकेक माणूस येऊन उभा राहिला होता. दुसऱ्या पंगतीची ही मंडळी नुसती उभी राहत नाहीत, खुर्चीची पाठ धरून तुमचे घास मोजतात. रंजिनीच्या मागच्या बाईनं तर पर्स खुर्चीला अडकवून टाकली होती. कुणी ताकाची वाट बघितली नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून माणसं भराभरा उठायला लागली, आणि साफसफाईच्या बायका उष्ट्या पानांसकट टेबलावरचा कागद गुंडाळत निघाल्या. रंजिनीनंही घाईघाईनं पान स्वतःकडे मिटलं.

"किच्चू, झालं. मीट पान. चल."

किच्चू हलला नाही.

"किच्चू, ऊठ राजा. घरी जाऊ या."

त्यानं खुर्चीची कड धरली. तिनं दंडाला धरून उठवायला बघितलं, तसा तो लाकडासारखा ताठ झाला आणि नाकातून हुंकार काढू लागला. हा हुंकार कुठवर चढतो ते तिला माहीत होतं. मागची बाई म्हणाली, "काय झालं त्याला?" कागदाची गुंडाळी तीन खुर्च्यांवर येऊन ठेपली होती.

हरिदासन आला. त्याच्या कपाळावरचं चंदन घामानं ओघळलं होतं.

"उठव त्याला. नवऱ्याकडची चाळीस माणसं खोळंबलीत."

"उठतोय, एट्टा. एक मिनिट."

"हेच म्हणत होतो मी. हेच!"

एवढं सगळं नीट केलं आणि आता शेवटच्या पायरीवर! तीन महिन्यांचे शुक्रवार, डबाभर पापड, फोनवर नवऱ्याशी घातलेले वाद, सगळं तिच्या डोक्यात एकदम उसळलं. तिनं टेबलाखालून किच्चूच्या मांडीला चिमटा काढला. जोरात काढला. "उठतोस की नाही?" ती दातओठ खाऊन म्हणाली. "का माझा जीव घेतोस?"

हुंकार आणखी चढला. किच्चूनं खिशातून कडी काढली आणि चौथं चित्र टेबलावर आपटलं.

"माहीत आहे मला! मिटलं ना मी? हे बघ, हे माझं पान, मिटलं!"

त्यानं तिच्या पानाकडे बघितलंही नाही. त्याचं बोट चित्रातल्या दुसऱ्या पानावर होतं, डावीकडच्या. रंजिनीनं डावीकडे बघितलं.

वल्यम्मामांचं पान सताड उघडं होतं. पायसम नुकतंच वाढलेलं, त्यात केळं आणि भिजून मऊ पडलेला तो पापड. मान खाली घालून, सगळं लक्ष एकवटून ते बोटं तोंडाकडे नेत होते. अर्धं गळत होतं, अर्धं पोचत होतं. त्यांच्याही खुर्चीला कुणीतरी पिशवी अडकवली होती. आजूबाजूचा आवाज थांबला तशी त्यांनी मान वर केली आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"झालं, झालं माझं," ते ओशाळून म्हणाले आणि पान मिटायला लागले. हात थरथरत होता. पायसम पानाच्या कडेकडे वाहायला लागलं.

रंजिनीनं किच्चूवरून हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

"वल्यम्मामा, पायसम राहिलंय तुमचं."

"असू दे गं. लोक ताटकळलेत."

हरिदासननं दोघांकडे बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या चाळीस माणसांकडे. वाकून तो तिच्या कानाशी म्हणाला, "रंजू, ओणमचं काय ठरलंय, लक्षात आहे ना?"

"आहे."

तिनं खुर्चीला अडकवलेली पर्स काढून मागच्या बाईच्या हातात दिली. खुर्ची पुढे ओढली. मग स्वतःचं मिटलेलं पान उलगडलं आणि तळहातानं सपाट केलं. किच्चूनं त्या उघड्या पानाकडे बघितलं, डावीकडच्या पानाकडे बघितलं. त्याचा हुंकार उतरत उतरत थांबला. चौथं चित्र उचलून त्यानं खिशात ठेवलं.

"अहो, पायसम!" रंजिनीनं लांबच्या वाढप्याला हाक मारली. "इकडे आणा. तीन पानांवर."