तोंड बांधलेली एरियल

मित्रांनो, मी एक जुनी एरियल आहे. मोटारीच्या रेडिओची ती उंच काठी असते ना, तीच. आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं संशयी आहे. तुम्ही आत्ता माझ्याजवळ आलात, तर तुमचे हात कोरडे आहेत का, हेच मी पहिल्यांदा बघितलं.

उगाच नाही झाले मी अशी. ऐका तर खरं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या तीन नळ्या, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, आणि वरून चकचकीत मुलामा. पायाशी चिनी मातीचं एक कडं बसवलं. ते कडं म्हणजे माझा जीव! त्याच्यामुळे मी मोटारीवर उभी असते, पण मोटारीच्या पत्र्याला माझं अंग लागत नाही. हवेतून आलेला आवाज मी झेलते आणि एका तारेनं खाली रेडिओला देते. अंग पत्र्याला टेकलं, की तो आवाज पत्र्यात जिरतो आणि रेडिओ मुका होतो. म्हणून जन्मापासूनच मी सगळ्यांपासून चार बोटं लांब.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला मी आगबोटीनं मुंबईला उतरले आणि कर्जतजवळच्या भिसेगावात गुप्ते डॉक्टरांच्या काळ्या मोटारीवर चढले. डॉक्टरांकडे रेडिओचा परवाना होता, आणि पेट्रोलचा तुटवडा असताना डॉक्टर म्हणून त्यांना ते मिळतही असे. मोटार चालवायचा सहदेव. तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. आईबाप गेलेले, घरात एकटी धाकटी बहीण, सोनू. तिला त्यानंच वाढवलेलं.

पहिले सहा महिने मी सहदेवावर डोळा ठेवून होते. म्हटलं, हा आज ना उद्या मला वाकवणार! पण नाही हो. त्याचे नियम पक्के. आधी इंजिन सुरू करायचं, मग रेडिओ. बंद करताना आधी रेडिओ, मग इंजिन. मोटार उभी असली तर पंधरा मिनिटांच्या वर रेडिओ नाही, कारण बॅटरी बसली की इंजिनाला हँडल मारून मारून खांदे निखळतात. मला खाली घेताना तो टोकावर कधी दाबायचा नाही. बुडाची जाड नळी एका हातानं धरायचा आणि दुसऱ्या हातानं एकेक नळी आत सरकवायचा. वाटेत आंब्याची फांदी दिसली की त्याआधीच मी आत. रोज कोरडं फडकं, आणि आठवड्यातून एकदा नळ्यांना दवाखान्यातलं बोटभर व्हॅसलिन. कड्याला मात्र तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

दर सोमवारी डॉक्टर खालापूर भागातले रोगी बघायला निघत. बांधवाडी नावाच्या वस्तीत ते घरोघर फिरत, आणि सहदेव बातम्या ऐकून ठेवी. लढाईच्या बातम्या ऐकल्याशिवाय डॉक्टरांना परतीचा रस्ता सरत नसे. पण त्या भागातून खोपोलीच्या वीजघराच्या मोठ्या तारा जातात. तारांजवळ रेडिओ लावला की नुसती घरघर. म्हणून सहदेव मोटार तारांपासून लांब, वस्तीमागच्या तळ्याच्या बांधावर नेई, मला पूर्ण वर काढी आणि काचा वर करून कान देऊन बसे. बाहेर वारा असायचा, काचा उघड्या ठेवून ऐकू येत नसे.

आता तुम्हीच बघा. ओसाड जागा, बंद मोटार, आत एकटा माणूस, आणि वर आकाशात गेलेली चकचकीत काठी. कुणालाही काय वाटेल?

त्यातून ते लेव्हीचे, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचे दिवस. घरात ठरल्यापेक्षा जास्त भात ठेवायची बंदी होती. लेव्हीवाले यायचे, घरं धुंडाळायचे आणि लपवलेलं भात उचलून न्यायचे. आणि नेमकं असं व्हायचं, की सोमवारी आमची मोटार बांधावर, आणि मंगळवारी लेव्हीवाले वाडीत!

वाडीत अंबाबाई नावाची एक बाई होती. आवाज असा, की तळ्यावरचे बगळे उडावेत. तिच्या मुलाशी, पदूशी, आमच्या सोनूचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, वैशाखातली तिथी तेवढी राहिली होती. एका सोमवारी ती गोमा नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला घेऊन बांधापाशी येऊन उभी राहिली. सहदेव पाणी प्यायला विहिरीवर गेला होता, मी होते ना ऐकायला.

"बघ रं गोमा, ही काठी. ही वर झाली का दुसऱ्या दिशी धाड आलीच."

"आसंल बये. पन मोटार डाक्टरची हाय."

"डाक्टर बिचारा रोग्यांत गुतलेला. हा आत बसून कुनाशी बोलतोय ते इचार ना! काच का वर करतोय? चोरी नाय तर लपतोय कशाला?"

सहदेव आला तशी तिनं त्याला गाठलंच.

"का रं सहदेवा, मोटार हितंच का आनतोस? रस्त्याला जागा नाय?"

"तारांखाली ऐकू येत नाय, काकी. बातम्या ऐकतो डाक्टरांसाठी."

"बातम्या ऐकतोस का देतोस?"

सहदेव कसनुसा हसला. त्याला वाटलं, थट्टा करते आहे. अरे, ती थट्टा नव्हे रे, असं मी ओरडणार होते. पण मला कुठलं ओरडता येतंय!

पुढच्या सोमवारी तिनं तोंडावर सांगितलं, "लगनाचं पुढं बघू. खबऱ्याच्या घरची पोर आमच्या उंबऱ्यात नको." त्या दिवशी पहिल्यांदाच सहदेव मला खाली घ्यायला विसरला. वाटेत एक फांदी मला घासून गेली. मला राग आला नाही. वाईट वाटलं.

त्याच्या पुढच्या सोमवारची गोष्ट. डॉक्टरांची पेटी उचलायला सहदेव वस्तीत गेला होता. अंबाबाई पदराखाली काहीतरी घेऊन आली. इकडंतिकडं बघितलं. पदराखालून निघाला एक बिब्बा, एक लिंबू आणि लोखंडाची बारीक तार. तारेत दोन्ही ओवलेली. तिनं ती तार माझ्या बुडाशी तीन वेढे घालून आवळली आणि दुसरं टोक मडगार्डच्या बोल्टाला गुंडाळलं. पुटपुटली, "बांधलं तुझं तोंड. बोल आता." आणि निघून गेली.

मित्रांनो, त्या बाईला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मला मुकं करायचा एवढा नेमका उपाय कारागिरालाही सुचला नसता! माझं अंग तारेनं पत्र्याला जोडलं गेलं. चिनी मातीचं कडं असून नसल्यासारखं झालं. त्या दिवसापासून रेडिओवर शब्द नाही.

तुम्ही म्हणाल, सहदेव तर रोज पुसायचा, मग त्याला ती तार दिसली नाही? दिसली की! पण बिब्बा आणि लिंबू दिसल्यावर त्याला वाटलं, डॉक्टरांच्या पत्नी आनंदीबाईंनी मोटारीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलं असेल. आनंदीबाईंना वाटलं, सहदेवानं बांधलं. डॉक्टरांना वाटलं, दोघांपैकी कुणीतरी बांधलं, आपण कशाला बोला? दृष्टीचं बांधलेलं सोडायचं कुणी? सहदेव तारेच्या वर पुसायचा आणि तारेच्या खाली पुसायचा. स्टेशनाजवळच्या मिस्त्रीनं रेडिओ खोलला, आतले काचेचे दिवे बदलून बघितले, मान हलवली. बिब्ब्याला त्यानंही हात लावला नाही.

मग डॉक्टरांच्या मनात संशय आला. "सहदेव, मी नसताना तासन्‌तास लावत होतास ना? तूच बिघडवलास."

"नाही साहेब. सोनूची शपथ."

"शपथा नकोत. पुढच्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

तिकडं वाडीत काय झालं, तर तीन मंगळवार लेव्हीवाले फिरकलेच नाहीत. झालं! अंबाबाईची छाती फुगली. गोमाला म्हणाली, "बघितलंस? तोंड बांधलं आन् धाड थांबली. अजून काय पुरावा पायजे?" मी एकेकाचं तोंड बघत उभी. मीच कुणाचं काय केलं होतं? सोनूचं लग्न मोडायला आलं, सहदेवाची नोकरी जायला आली, आणि ज्याच्यामुळं हे झालं ती तार सगळ्यांना दिसत होती आणि कुणी सोडत नव्हतं.

चौथ्या मंगळवारी लेव्हीवाले आले. ते सरळ अंबाबाईच्या गोठ्यात शिरले, पेंढ्याची गंजी ओढली आणि मागची कणगी रिकामी करून गेले.

हे मला कळलं पुढच्या सोमवारी. सहदेव बांधावर मोटार घेऊन आला होता. रेडिओ मुका होता तरी खुळ्या आशेनं तो दर वेळी बटण फिरवायचा. तसंच फिरवलं आणि बाहेर येऊन उभा राहिला. तेवढ्यात बांधावरून अंबाबाई आली, हातात कोयता.

मी मनात म्हटलं, संपलं. आता ही मला बुडातून तोडणार!

सहदेव आडवा आला. "काकी, माझ्यावर राग काढा. हिला हात लावू नका. ही डाक्टरांची हाय."

"सर बाजूला." अंबाबाईचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "मंगळवारी माझी कनगी नेली रं. सगळी वाडी म्हनते, सहदेवानंच खबर दिली. पन मला ठावं हाय ना, काठी बांधलेली व्हती."

"तुमाला कसं ठावं?"

"मीच बांधली व्हती." ती माझ्याकडं बघत राहिली. "कुनाला सांगायची सोय नाय. गप ऱ्हायले असते तर तुलाच धरला असता समद्यांनी. तवापास्नं झोप नाय मला."

तिनं कोयत्याचं टोक तारेत घातलं आणि पीळ उचकटला. तार गळून पडली, लिंबू घरंगळत तळ्यात गेलं.

आणि काय सांगू! मुंबई रेडिओवरच्या एका बाईचा गाण्याचा आवाज असा काही उसळला, की अंबाबाई कोयता टाकून दोन पावलं मागं सरली. "आत्ता गं बाई! ही कोन?"

"मुंबईची. तिकडून येतंय."

"आन् हिकडून? हिकडून तिकडं जात नाय?"

"काय जात नाय, काकी. हिला निस्ते कान हायत. तोंडच नाय."

अंबाबाई मटकन बांधावर बसली. बराच वेळ गाणं ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी बिचारीचे कान आवळले व्हते." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्याच दुपारी तिनं गोमासमोर आणि डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं. चार माणसांत आपली चूक सांगायला छाती लागते, मित्रांनो. डॉक्टरांनी ती तार हातात घेऊन बघितली, बोल्ट बघितला आणि सहदेवाच्या पाठीवर हात ठेवला. वैशाखात सोनूची पाठवणी आमच्याच मोटारीतून झाली. बायका हळदीचे हात घेऊन मोटारीला लावायला आल्या, तर अंबाबाई माझ्यापुढं उभी राहून गरजली, "काठीला कुनी शिवायचं नाय गं! हात कोरडे करून या!"

लेव्हीवाल्यांना खबर कोण देत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. माझा एकावर दाट संशय आहे. पण नुसत्या संशयावर मी आता कुणाचं नाव घेत नाही.

आता मी डॉक्टरांच्या मोटारखान्यात भिंतीला टेकून असते. मुलामा उडालाय, मधली नळी अडकते. तुमच्या घरी मोटार असेल आणि तिच्यावर माझी एखादी नात उभी असेल, तर तिला कोरड्या फडक्यानं पुसा, टोकावर दाबू नका आणि झाडाखालून जाताना आत घ्या. आणि रेडिओ एकाएकी मुका झाला, तर ड्रायव्हरला बोल लावण्याआधी खाली वाकून तिच्या बुडाशी बघा. माणूस मुका झाला तरी तसंच करा. त्याला बांधणारा हात कदाचित तुमचाच असेल. तसा असला, तर अंबाबाईसारखं भर दुपारी या आणि सोडवा.