उत्तराला लागणारा वेळ

अनसूयाबाई खेडकर शाळेत गणित शिकवायच्या तेव्हा त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जायचा. निवृत्त झाल्यावर तो जबलपूरच्या रांझी भागातल्या घराच्या ओट्यावरून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊ लागला. त्यांचे यजमान श्रीरंगराव त्यांच्या अगदी उलट. संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांचं आयुष्य गेलेलं. मापात केसभर फरक असलेला भाग ते न बोलता परत पाठवायचे. घरी आल्यावरही त्यांना बोलायची गरज फारशी पडली नाही, कारण दोघांच्या वाटचं अनसूयाबाई बोलून घेत.

एका वर्षी दिवाळीत अनसूयाबाईंचा आवाज बसला तो काही केल्या सुटेना. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. परतीच्या गाडीत अनसूयाबाई शिवनी येईपर्यंत त्या घोगऱ्या आवाजात सारख्या बोलत होत्या. शेताबद्दल, रस्त्याबद्दल, ड्रायव्हरच्या लग्नाबद्दल. श्रीरंगरावांनी "घशाला आराम दे" म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आराम तर पुढं आहेच की."

त्यांची मुलगी प्रणोती जबलपुरातच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं ठरवलं, ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज भरून ठेवायचा. गोळ्यांनी सूज थोडी उतरली होती, आवाज पुष्कळसा मोकळा झाला होता. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या-रजया लावून प्रणोतीनं माईक मांडला आणि वाचायला वाक्यं दिली.

"'आज हवामान कोरडे राहील,'" अनसूयाबाईंनी वाचलं आणि चष्मा खाली केला. "हे मी कोणाला म्हणणार आहे गं? काहून वाचू मी हे?"

"आई, सगळे उच्चार यायला पायजे म्हणून."

"उच्चारच पायजे ना? मग मी माझं बोलते."

आणि त्या रोज दुपारी आपलंच बोलल्या. शाळेतल्या मुलींच्या खोड्या, खोव्याच्या जलेबीचा पाक, सासूबाईंची करडी शिस्त. प्रणोतीनं ते सगळं भरून घेतलं. शिवाय जुन्या लग्नांतल्या चित्रफितींमधून आईचं बोलणं वेचून काढलं.

ऑपरेशन नीट झालं. अनसूयाबाई घरी आल्या. गळ्याशी श्वासासाठी छोटंसं भोक, त्यावर मऊ रुमाल, आणि हातात पाटी. काही आठवड्यांत प्रणोतीनं कॉलेजातल्या मोठ्या यंत्रावर त्या भरलेल्या बोलण्यातून आईचा आवाज घडवला. टॅब्लेटवर वाक्य लिहिलं की कॉम्प्युटर ते त्या आवाजात बोलणार. तयार मिळणारे आवाज अनसूयाबाईंनी ऐकून बघितले होते. पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, "ही बाई पुण्याची आहे." आणि आपला आवाज कुठल्या लांबच्या कंपनीकडे ठेवायलाही त्या तयार नव्हत्या. तो घरातच राहायला हवा होता. म्हणजे घरात तसा कॉम्प्युटर हवा.

एका रविवारी बाप-लेक जयंती कॉम्प्लेक्समध्ये गुणवंतच्या दुकानात गेले. गुणवंत प्रणोतीचा जुना वर्गमित्र, कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यानं काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले.

"काकाजी, दोन रस्ते आहेत. हा डेस्कटॉपचा प्रोसेसर. याच्यात कोअर, म्हणजे काम करणारे हात, कमी, पण एकेक कोअर मोठा तेज. आणि हा सर्वरवाला. याच्यात कोअर भरपूर, पण एकेकटा जरा सुस्त."

"मग सर्वरवाला कोणी काहून घेते?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"कारण तो वर्षानुवर्षं बंद न होता चालायसाठीच बनवलेला असतो. याच्यासोबत जी मेमरी लावतात ना, तिच्यात कुठं चूक झाली तर ती स्वतः पकडते आणि स्वतः सुधारते. बँका, दवाखाने, सगळे हेच वापरतात."

श्रीरंगरावांनी तो डबा हातात घेतला. "स्वतःची चूक स्वतः सुधारते?"

"हो जी."

"आणि या दुसऱ्यात?"

"याच्यात तशी मेमरी नाही. चांगलाच चालेल, पण कधीमधी अटकू शकतो."

प्रणोती म्हणाली, "बाबा, आईला इतके कोअर लागणारच नाहीत. ती एका वेळी एकच वाक्य बोलणार."

"तुझी आई एका वेळी एकच वाक्य बोलते?" श्रीरंगरावांनी विचारलं. "कधीपासून?"

गुणवंत हसला. प्रणोतीही हसली, पण मुद्दा सोडला नाही. "समजा घरी पंगत आहे. पन्नास माणसांचा स्वयंपाक करायला दहा आचारी लागतात. पण एका माणसाला एक पोळी पायजे असेल तर दहा आचारी काय करतील? ती पोळी एकालाच लाटावी लागते. तो जितका चपळ तितकी लवकर पानात. बोलणं तसंच आहे. एका आवाजानंतर दुसरा आवाज, वाटून नाही घेता येत ते काम."

श्रीरंगरावांना ते कळलं. पण त्यांचा हात सर्वरवाल्या डब्यावरून हलला नाही. "मला बंद न पडणारं पायजे," ते म्हणाले.

गुणवंतनं तोडगा काढला. एका ऑफिसातून आलेलं सर्वरचं यंत्र त्याच्याकडे पडलेलं होतं. "आधी हे घेऊन जा. वापरून बघा. जमलं नाही तर चलो, परत आणा."

यंत्र बैठकीच्या कोपऱ्यात बसलं. सुरू केल्यावर भर थंडीत कूलर लावल्यासारखी घरघर सुरू झाली. अनसूयाबाईंनी टॅब्लेट मांडीवर घेतला, काहीतरी लिहिलं, बटण दाबलं. पंख्याचा आवाज चढला. सगळे थांबले. मग कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला.

"प्रणोती, माझा चष्मा कुठं ठेवला गं?"

प्रणोती तोंडावर हात ठेवून रडायला लागली. श्रीरंगराव बाहेर गेले आणि सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत राहिले.

पहिले दिवस त्या आनंदातच गेले. वाक्य लिहायचं, थांबायचं, आवाज यायचा. छोटं वाक्य असलं तर दोन घोट चहा होईतो, मोठं असलं तर कप रिकामा होईतो. श्रीरंगरावांना त्याचं काही वाटलं नाही. ते तसेही थांबूनच बोलणारे.

मग एका दुपारी अनसूयाबाईंची मैत्रीण विभावरी आली. शाळेत दोघी बरोबरच होत्या. आल्या आल्या ती सुनेनं केलेल्या मटारच्या कचोऱ्यांबद्दल सांगू लागली, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय तरी कसं राहवलं नाही ते. अनसूयाबाईंनी हसत हसत लिहिलं, बटण दाबलं. यंत्र घरघरत राहिलं. तेवढ्यात विभावरीचं बोलणं कचोऱ्यांवरून सुनेच्या माहेरी आणि तिथून सुनेच्या वडिलांकडे गेलं. "गेले गं ते," विभावरी पदर डोळ्यांशी नेत म्हणाली, "मागच्याच महिन्यात. झोपेतच गेले."

आणि कोपऱ्यातून अनसूयाबाईंचा आवाज खणखणीत आला, "मग तू तर सगळ्या डब्याचा फन्ना उडवला असशील!"

विभावरीचा पदर डोळ्यांशीच राहिला. मग विभावरीला उलगडा झाला आणि ती हसली, मैत्रिणीच्या हातावर हात ठेवून पुष्कळ हसली. अनसूयाबाईही हसल्या. पण टॅब्लेट त्यांनी पालथा घालून ठेवला, आणि विभावरी जाईपर्यंत तो उलटला नाही.

त्यानंतर त्यांनी पुन्हा पाटी धरली. मग पाटीवरचं लिहिणंही कमी झालं. प्रणोतीनं दोनदा विषय काढला, तेव्हा श्रीरंगराव म्हणाले, "यंत्र एकदाही बंद पडलं नाही. एकदाही नाही." ते खरंच होतं. कोणी वापरत नसलेलं ते यंत्र दिवसरात्र न चुकता चालत होतं.

एका सकाळी अनसूयाबाई पनागरहून आलेले मटार सोलत बसल्या होत्या. श्रीरंगराव समोर बसून सोलू लागले. अर्ध्या शेंगा झाल्यावर त्यांनी विचारलं, "बोलत काहून नाहीस?"

अनसूयाबाईंनी कोपऱ्याकडे नुसतं बघितलं.

"थोडा उशीर होते, मान्य आहे. पण ते पक्कं आहे, अनू. त्याच्यात चूक होत नाही." ते थांबले. हातातली शेंग त्यांनी सोललीच नाही. "तुझा आवाज एकदा गेला. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून होतो, मला माहीत होतं आत काय चाललंय. पुन्हा एखाद्या दिवशी अचानक बंद पडला तर माझ्याच्यानं ते..."

अनसूयाबाईंनी हात पुसले, पाटी ओढली आणि लिहिलं, "तुम्हाला माझा आवाज जपून ठेवायचा आहे की माझ्याशी बोलायचं आहे?"

श्रीरंगरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत बसले.

दुपारी त्यांनी स्वतःच प्रणोतीला फोन केला. "ते दुसरं घेऊन ये. ते एका पोळीवालं." आणि एक अट घातली. आवाजाची एक प्रत कॉलेजात, एक प्रणोतीच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये राहील. "यंत्र अटकलं तर अटकू दे. आवाज हरवायला नको."

"बाबा," प्रणोती म्हणाली, "ते तर मी पहिल्याच दिवशी केलंय. लॉकर सोडून."

डेस्कटॉपचा डबा लहानसा होता आणि जवळजवळ मुका. गुणवंतनं तो जोडला, प्रणोतीनं सगळं बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगरावांनी पोहे केले. अनसूयाबाईंनी एक घास खाल्ला, बोटं टॅब्लेटवर फिरली.

"मीठ कमी आहे."

"बरोबर टाकलंय मी," श्रीरंगराव म्हणाले. "नेहमीसारखं, अर्धा चमचा, वरून थोडं..."

"अर्धा चमचाच टाकला, तेच तर सांगून राहिले!"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनसूयाबाईंचं आलं होतं. श्रीरंगराव तोंड उघडं ठेवून बसून राहिले. मग उठले, मिठाची बरणी आणली आणि बायकोसमोर ठेवली. तिथून पुढं घरात त्यांना पुन्हा पूर्वीसारखं कमी बोलायला मिळू लागलं. विभावरी आली की दोघी एकमेकींचं बोलणं तोडत. भाजीवाल्यासाठी प्रणोतीनं ओट्यावर एक छोटा स्पीकर लावून दिला.

गुणवंत म्हणाला होता तेच उन्हाळ्यात झालं. विजेचा दाब वरखाली होत होता. अनसूयाबाई काही सांगत होत्या, "अहो, ऐका ना, त्या शेजारच्या विनताच्या..." आणि आवाज तिथंच तुटला. पडद्यावर सगळं थिजलं. श्रीरंगराव ताडकन उठले. त्यांनी प्रणोतीला फोन लावला, ती तासावर होती, उचलला नाही. ते यंत्राभोवती फिरले, वायर हलवल्या, पुन्हा फोन लावला. "मी म्हटलं होतं," ते पुटपुटले, "मी म्हटलंच होतं."

अनसूयाबाईंनी दिवाणावर आपल्या शेजारी हात थोपटला. ते येईनात तेव्हा पुन्हा थोपटला. ते येऊन बसले. अनसूयाबाईंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. पाटी जवळच होती, पण त्यांनी ती घेतली नाही.

ती शांतता श्रीरंगरावांनाच सोसेना. ते बोलायला लागले. आधी विजेबद्दल. मग काय बोलावं सुचेना म्हणून मनात होतं ते बोलले. "एक सांगायचं राहिलंय. तुझं ऑपरेशन चालू होतं ना, तेव्हा मी दवाखान्यातून बाहेर गेलो होतो. प्रणोतीला म्हटलं चहाला जातो. समोर साड्यांचं दुकान होतं. गेलो आत. मला वाटलं, साडी घेतली तर तुला ती नेसायला बाहेर यावंच लागेल. मूर्खपणाच तो. घेतली, आणि मग लाज वाटली. बायको आत तशी पडलीय आणि नवरा साड्या बघून राहिला. कोणाला काही बोललो नाही. गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात आहे, माझ्या स्वेटरांच्या मागं."

अनसूयाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रणोतीचा तास संपला होता. "बाबा, घाबरू नका. बटण दाबून धरा, बंद होऊ द्या, मग परत सुरू करा." त्यांनी तसं केलं. पडदा उजळला. अनसूयाबाईंनी घाईघाईनं टॅब्लेट ओढला.

"आणा ती साडी."

श्रीरंगराव स्टुलावर चढून ती घेऊन आले. त्यांनी कागद सोडला. अनसूयाबाईंनी साडी खिडकीच्या उजेडात धरली.

"रंग कोणी पसंत केला?"

"मीच. दुकानातल्या दिव्यात जरा वेगळा दिसत होता."

"समजलं."

अनसूयाबाई साडी घेऊन आत गेल्या. संध्याकाळी प्रणोती धावतपळत यंत्र बघायला आली तेव्हा यंत्र नीट चालत होतं आणि आई आरशासमोर त्या भडक जांभळ्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होती.

"कुठं निघालात दोघं?"

अनसूयाबाईंनी वाकून टॅब्लेटवर बोट चालवलं. "ग्वारीघाटला, नर्मदेच्या आरतीला. आणि तू चप्पल काढू नको, तूच गाडी चालवून राहिली."