चुंबकानंदांची सुई

१९५८ सालच्या माघात अंजनगाव सुर्जीच्या कापूसबाजारात लोक भाव विचारायचे सोडून डोकी मोजून घेत होते. चुंबकानंद महाराज पितळी डबीतली सुई माथ्यावर धरीत, अंगठीचा हात वरून फिरवीत. सुई गरकन वळे, आणि मेंदूतल्या तंतूंवरचे मज्जेचे आवरण किती अंश उरले, ते महाराज सांगत. हे अंश कोणत्याही ग्रंथात नव्हते. ऐकायला मात्र भारदस्त वाटत.

खुशालरावांनी आपली लेक अनसूया महाराजांपुढे बसवली. तिला मिरगी होती. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे वर्षभर झटका आला नव्हता.

"चार अंश," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी आवरण जाळलंय. आजपासून बंद. माझं भस्म द्या."

"बंद करतो जी," खुशालराव म्हणाले.

शेजारी देवमन उभे होते. बाजारात कापसाची प्रत ठरवणे हे त्यांचे काम. "थांब ना खुशाल. महाराज, डोक्यावर घोंगडी असली तं सुईले समजते काय?"

"भिंत आड आली तरी समजतं, बाळ."

बाळ पन्नास वर्षांचे होते. "मंग तीन पोरी पाठोतो. पाहा." अनसूयेसह बाजारातल्या पोरींना ते गाड्यांआड घेऊन गेले.

गाड्यांआडून घोंगडी पांघरलेली एक पोर आली. अकरा अंश. दुसरी आली. सतरा; "हिला भस्माची गरज नाही." तिसरी, सहा. देवमननी घोंगडी दूर केली. आत अनसूया.

"अन् पहिल्या दोघी?" खुशालरावांनी विचारले.

"मीच होती बाबा. घोंगड्या बदलल्या फक्त."

"मज्जा क्षणोक्षणी बदलते," महाराज म्हणाले.

"एवढ्या लवकर तं आमचा भावबी बदलत नाही," देवमन म्हणाले. "नवा पारखी आला का आमी एकाच गंजीचा कापूस तीन पुड्यांत बांधून त्याच्यापुढं ठेवतो. त्यानं तीन प्रती सांगितल्या, तं आमी कापसाले दोष देत नाही. आता अंगठी काढून मोजा जी."

महाराज काढीनात, लोकांनी काढवली. खड्याखाली चुंबकाचा तुकडा होता. आता कोणाचेही डोके खाली आणा, सुई उत्तरेच्या सातपुड्याकडे तोंड करून स्वस्थ.

खुशालरावांनी भस्माची पुडी परत केली आणि लेकीला विचारले, "डॉक्टरची सकायची गोई घेतली काय?"

मेंदूतल्या तंतूंवर आवरण असते, हे खरे. उद्या ते बाहेरून मोजणारे यंत्रही निघेल. त्यालाही हाच प्रश्न विचारावा: तेच डोके, नाव न सांगता पुन्हा मोजले, तर आकडा तोच येतो का? तोच आला म्हणून तो खरा ठरतो असे नाही. पण दर खेपेला बदलणाऱ्या आकड्यावर कोणाचे औषध बंद करू नये.