इग्लिकाच्या छातीतली झडप

मंगळवार, सात मार्च. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. गावच्या सरकारी दवाखान्याचा तळमजला, रक्ततपासणीची खिडकी. काचेवर चिकटवलेला कागद कोणीतरी मोठ्याने वाचला: ‘रक्त गोठण्याची तपासणी पुढील सूचनेपर्यंत बंद.’

त्या खिडकीसमोर इग्लिका उभी होती आणि तिच्या छातीत मी. मी एक झडप आहे. कृत्रिम, काळ्या कार्बनची, दोन पाकळ्यांची, अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाएवढी. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा असतो तो अलिंद आणि खालचा तो निलय. त्या दोघांमधले दार म्हणजे मी. फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त मी खाली सोडते आणि लगेच मिटते, म्हणजे ते मागे न फिरता महाधमनीतून अंगभर जाते. दिवसाला लाखभर वेळा हे करते. मला दिसत नाही, ऐकू मात्र सगळे येते. तेव्हा जे ऐकले आणि जे माझ्या अंगावर घडले, तेवढेच सांगते.

माझ्या जागी आधी इग्लिकाची स्वतःची झडप होती. नऊ वर्षांची असताना इग्लिकाचा घसा सुजला. आईने गरम दूध पाजले, लोकरीचा पट्टा गळ्याला गुंडाळला आणि शाळेत पाठवले. पंधरा दिवसांनी गुडघे सुजले, ताप चढला. संधिज्वर. गुडघे बरे झाले, सगळे विसरले, पण त्या तापाने जाता जाता झडपेला चावा घेतला होता. झडप हळूहळू जाड झाली, आखडली. पस्तिसाव्या वर्षी इग्लिका वाचनालयाचा जिना चढताना दोनदा थांबायची आणि आडवे झाले की तिला धाप लागायची. त्या जुन्या झडपेशी माझी भेट झाली नाही. मला आणण्याआधीच तिला कापून काढले होते. तिची आठवण मात्र ठेवते. जखमी असून तिने सव्वीस वर्षे दार सांभाळले.

राजधानीत, सोफिया शहराच्या मोठ्या इस्पितळात मला टाके घालून बसवले. सत्तर मिनिटे हृदय थांबलेले होते, यंत्र रक्त फिरवत होते. मग सर्जन म्हणाले, “चला, बघू या काय म्हणतेय.” हृदय आधी नुसते थरथरले. नंतर त्याने पहिला ठोका दिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मिटले. टक्. त्या खोलीत कोणीतरी हसले होते. तो आवाज मला अजून आठवतो.

हाडामांसाची झडप मिटते तेव्हा बाहेर कळत नाही. मी मिटते तेव्हा शेजारी बसलेल्याला ऐकू जाते. इग्लिकाचा नवरा स्तामेन रेल्वेत होता. गाडी फलाटावर थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचे आणि आवाजावरून भेग ओळखायची, हे त्याचे काम. इग्लिका घरी आली तेव्हा तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “चाक पक्कं आहे. गाडी जाऊ दे.” पहिला महिना माझ्या टकटकीने त्याला झोप येईना. पुढे इग्लिका बहिणीकडे गेली की झोप येईना.

आणि इग्लिका काम करायची ते वाचनालय. माझे सगळ्यात चांगले दिवस तिथले. दुपारी तीनला शाळा सुटायची, पोरे येऊन बसायची, बाहेर लिंडेनच्या झाडांत वारा आणि आत नुसती पाने उलटल्याचा आवाज. त्या शांततेत मी.

“काकू, तुमच्यात बॉम्ब आहे का?” एका मुलीने विचारले होते.

“आहे. पुस्तक उशिरा आणलंस की फुटतो.”

त्या वर्षी एकही पुस्तक उशिरा आले नाही.

पण मी परकी. रक्ताला हे कळते आणि ते माझ्यावर गोठायला बघते. म्हणून इग्लिका रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. रक्त फार पातळ झाले तर कुठेही रक्तस्राव. पातळ राहिले नाही तर माझ्यावर गुठळी, आणि ती सुटली की थेट मेंदूकडे. मधली वाट अरुंद आहे: तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीन. हिरवी पालेभाजी पोटात जास्त गेली की गोळीचा जोर उतरतो आणि आकडाही उतरतो.

आता इथले लोक ईस्टरच्या आधी सात आठवडे उपवास करतात. मांस नाही, अंडे नाही, दूध नाही. मग राहते काय? पालक, खाजकुयलीसारखी अंगाला झोंबणारी कोवळी रानभाजी, आंबट चुका, बरणीतला कोबी. इग्लिका माझ्या ऑपरेशनपासून हा उपवास करत आली. मी टिकले म्हणून. माझ्यासाठी धरलेला उपवास माझ्याच जिवावर उठणारा, हे तिला पक्के ठाऊक होते. प्रयोगशाळेतल्या सेव्दालाही ठाऊक होते. सेव्दा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रक्त काढायची, उपवासात दर आठवड्याला. आकडा बघायची, डॉक्टरांना फोन करायची आणि पाव गोळी वाढवून द्यायची. अठ्ठावीस वर्षे हे बिनबोभाट चालले.

सात मार्चला सेव्दा खिडकीच्या आतून म्हणाली, “काकू, तपासणीचं द्रव्यच आलेलं नाही. तीनदा लिहिलं जिल्ह्याला.”

“मग गेल्या वर्षीसारखी पाव गोळी वाढवते मी.”

“अंदाजाने नको हं. तीन वर्षांमागं वाढवली होतीत, हिरड्यांतून दोन दिवस रक्त थांबेना. या वर्षी उपवास सोडा ना.”

“देवाला काय सांगू? द्रव्य आलं नाही?”

सेव्दा हसली नाही. “देव समजून घेईल. जिल्हा नाही घेणार.”

इग्लिकाने गोळी तेवढीच ठेवली. पालेभाजी निम्मी केली, उपवास सोडला नाही. हा तिचा हट्ट, आणि तो मी लपवणार नाही. पण आकडा मिळता तर तो हट्ट दर वर्षीप्रमाणे निभावला असता. पहाटेची बस पकडून ती साठ किलोमीटरवरच्या शहरात गेली. तिथल्या खिडकीत सांगितले, तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आमच्या गावचे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी दर गुरुवारी जिल्ह्यातून कोणीतरी यायचे, कधी यायचेही नाही.

मार्चच्या अखेरीस माझी एक पाकळी जड झाली. बिजागरीपाशी काहीतरी चिकट बसले होते. मी जोर केला. ती उघडायची, पण अर्धी. हृदय बिचारे तक्रार न करता जास्त दाबायला लागले. तो मूठभर स्नायू, साठ वर्षे एक दिवस रजा न घेतलेला.

दोन एप्रिलला सकाळी स्तामेनने दाढी करता करता हात थांबवला. “इकडे ये गं जरा.”

त्याने कान माझ्यावर टेकवला. साबण तिच्या झग्याला लागला असावा, कारण ती कुरकुरली.

“आवाज बसलाय,” तो म्हणाला. “टक् नाही, थप् येतंय.”

“वय झालं तुझं. कान गेले.”

“इग्लिके, चाळीस वर्षं मी चाकं ऐकली. हे चाक मी पुढं जाऊ दिलं नसतं.”

मंगळवारी खिडकीवर तोच कागद होता. गुरुवारी, सहा एप्रिलला, डॉक्टर आले होते. आवाज तरुण होता, थकलेला होता, बाहेर तीस माणसे होती. हे मी त्यांच्या बाजूने सांगते. इग्लिका कोट घालूनच खुर्चीवर बसली.

स्तामेन म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हिच्या झडपेचा आवाज बदललाय.”

“आजोबा, आवाजाचं सोडा. गेल्या महिन्याचा आकडा किती?”

“तपासणी बंद आहे.”

“मग मी काय सांगू? आकडा आणा, मग बघू.”

“तुमची ती नळी तेवढी लावा ना. अर्धं मिनिट.”

“आजोबा, नळीने उपचार ठरत नाहीत. आकड्याने ठरतात. पुढचे कोण?”

मी आतून हातपाय आपटत होते म्हणा. थप्. थप्. दीड वीत अंतरावर त्यांच्या गळ्यातली नळी टेबलाच्या कडेवर आपटताना ऐकू येत होती.

रविवारी, नऊ तारखेला, फुलांचा रविवार होता. फुलाचे नाव असलेल्या सगळ्यांचा तो नामदिन, वाढदिवसासारखा साजरा करायचा. इग्लिका म्हणजे वसंतात उमलणारे पिवळे फूल, तेव्हा घरी आमंत्रणाशिवाय माणसे यायची. त्या दिवशी उपवासातही मासे चालतात. ताटे मांडली गेली, शेजारची दोन्का सगळ्यात आधी आली.

“खूप जग गं इग्लिके. तुझ्या छातीतल्या त्या मशिनीसकट.”

इग्लिका उत्तर द्यायला उभी राहिली. त्याच क्षणी माझ्यावरचा एक कण सुटला. मोहरीपेक्षा लहान. निलयातून महाधमनीत, तिथून मानेच्या धमनीत. मला तो जाताना कळला आणि मी मिटण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. ताट पडले. इग्लिका काहीतरी बोलली, त्यात एकही शब्द नव्हता.

“साखर उतरली असेल हिची. काहीतरी गोड द्या तिला,” दोन्का म्हणत राहिली. स्तामेनने तोवर फोन उचलला होता. रुग्णवाहिकेला एक तास पाच मिनिटे लागली.

सोफियात माझ्यावरची गुठळी औषधाने विरघळवली. माझ्या दोन्ही पाकळ्या आता नीट हलतात. इग्लिकाचा उजवा हात हलत नाही आणि बोलणे गेले. ‘हं’ आणि ‘स्तामेन’ एवढे दोनच उच्चार उरलेत. वाचनालयात आता दुसरी बाई बसते. मी स्वयंपाकघरात वाजते. तीनच्या सुमाराला मला अजून चुकल्यासारखे होते. पोरांच्या दप्तरांचे बंद सोडल्याचा आवाज यायला हवा, असे वाटत राहते.

तुमच्या घरात कोणाच्या छातीत माझ्यासारखी कोणी असेल तर तिचा आवाज ओळखून ठेवा. बदलला तर तपासून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. कोणी ‘पुढचे कोण’ म्हटले तरी उठू नका.

स्तामेनने जिल्ह्याची आणि त्या डॉक्टरांची, दोघांचीही चौकशी लावली आहे. तपासणीच्या द्रव्याची खोकी सव्वीस फेब्रुवारीपासून जिल्ह्याच्या गोदामात पडून होती, हे लेखी मान्य झाले. ती का सोडली नाहीत, याला उत्तर आले की संबंधित कर्मचाऱ्याची बदली झाली आहे. मग त्याने इग्लिकाची फाईल मागवली. काल टेबलाशी बसून त्याने ती तिला मोठ्याने वाचून दाखवली, म्हणून मलाही कळली. त्यातल्या एका नोंदीबद्दल डॉक्टर म्हणतात ती परिचारिका करते, परिचारिका म्हणते संगणक मागच्या भेटीचा मजकूर आपोआप उचलतो, आणि मागच्या भेटीच्या पानावर तो मजकूर नाही.

गुरुवार, सहा एप्रिल, अकरा वाजून वीस मिनिटे. नोंद अशी आहे: ‘छाती तपासली. झडपेचा आवाज स्वच्छ, धातूसारखा.’

त्या दिवशी इग्लिकाच्या कोटाचे एकही बटण सुटले नव्हते.