उंचवट्याकडे दुसरी फेरी

सहाव्या डावात चेंडूचं वजन उतरलं.

लोकांना ते जाणवलं नाही. क्लेबर्नच्या बेसबॉलच्या मैदानात त्या रविवारी दुपारी दोन हजार माणसं बसली होती, बहुतेक चामड्याच्या कारखान्यातली, भुईमुगाची टरफलं पायाखाली चुरडत. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की वीस वर्षांचा वेंडल प्रुएट अजूनही समोरच्यांना परत पाठवतो आहे आणि आपण दोन-शून्यने पुढे आहोत. पण डेनिस क्रॅब्ट्री कॅचर होता. अकरा वर्षं फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून त्याने दुसऱ्यांचे चेंडू झेलले होते. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातात काय चाललं आहे हे त्याच्या डोळ्यांआधी त्याच्या तळहाताला कळे. आज पाच डाव तो तळहात जळत होता. आता चेंडू हातमोज्यात आदळत नव्हता, नुसता येऊन टेकत होता.

डाव संपल्यावर तो डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांच्या खळग्यात, मॅनेजरशेजारी जाऊन बसला. संघातले सगळे त्यांना स्किप म्हणत.

"स्किप, पोराचं कोपर दुखतंय."

"त्याने सांगितलं?"

"तो कशाला सांगेल. विचारलं तर म्हणाला, तू तुझे गुडघे सांभाळ, आजोबा."

ऑर्व्हिल टिंडलनी तंबाखूचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "मग तूही मला काही सांगितलेलं नाहीस."

टिंडल अठ्ठावन्न वर्षांचे होते. अंगात खेळाडूंचाच गणवेश, जसा या खेळातल्या प्रत्येक मॅनेजरच्या अंगात शेवटपर्यंत असतो. फक्त आतलं शरीर त्यातून हळूहळू निघून चाललं होतं. सव्वीस हंगाम, अकरा गावं. उन्हाळाभर बसच्या पहिल्या आसनावर काचेला कपाळ टेकून, आणि हिवाळाभर टेनेसीतल्या सासऱ्याच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य विकत. त्यांच्या हाताखालून एकवीस जण वर, मोठ्या लीगमध्ये गेले होते, त्या प्रचंड मैदानांत, जिथे विजेच्या प्रकाशात गवत दिवसापेक्षा हिरवं दिसतं असं सगळे सांगत. टिंडल स्वतः एक दिवसही वर गेले नव्हते. लोकांना नदीपार उतरवून दर संध्याकाळी रिकामी होडी याच काठाला आणणाऱ्या माणसासारखे ते होते, आणि त्या जाण्यायेण्यात कुठे कडवटपणा साचू न देणं हे त्यांचं खरं कौशल्य, असं क्रॅब्ट्रीला वाटे.

नवी पोरं आली की पहिल्या दिवशी ते कुणाला बॅट धरू देत नसत. नियमांची तोंडी परीक्षा घेत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे: एकाच डावात मॅनेजर एकाच पिचरशी बोलायला दुसऱ्यांदा त्याच्या चेंडू टाकायच्या उंचवट्यावर गेला तर काय? उत्तर: पिचर बाहेर. मग तो कितीही चांगला टाकत असो, आणि मॅनेजरची कितीही इच्छा असो.

आज मात्र त्या होडीत त्यांच्यासाठीच जागा होती. मोठ्या क्लबचा मिस्टर हार्टसेल जाळीमागे पहिल्या रांगेत बसला होता, गुडघ्यावर गवती टोपी ठेवून. खालच्या सगळ्या संघांचा तो मालकाच्या वतीने कारभार पाही. सकाळी क्रॅब्ट्रीच्या देखतच तो म्हणाला होता, "उद्या प्रुएटचा सौदा ठरतोय, ऑर्व्हिल. घेणारी माणसं आज माझ्या शेजारी बसतील. त्यांना पुरे नऊ डाव दाखव. मग एप्रिलपासून तू वर, तिसऱ्या बेसचा कोच. लोरीनला सांगून टाक." टिंडलनी खरंच बायकोला फोन केला होता. पलीकडे ती रडत असावी, कारण ते नुसते म्हणत राहिले, "हो, ऐकतोय मी. रड तू, रड."

आता काय करायचं? पोराला सरळ काढलं तर हार्टसेल कारण विचारणार. आणि कोपर हा शब्द एकदा तोंडातून निघाला की पिचरच्या आधी तो गावोगाव पोचतो. मग त्या हाताला कुणी उभं करत नाही. राहू दिलं तर अजून तीन डाव. क्रॅब्ट्रीने एक असा पिचर पाहिला होता, ज्याला तिशीच्या आधीच शर्टाची गुंडी लावायला बायको लागायची.

सातव्या डावात वेंडलने पहिल्या फलंदाजाला चार चेंडू भरकटवून धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, पहिला बेस, फुकट दिला. टिंडल चालत उंचवट्यावर आले, चेंडू हातात घेऊन चोळला, "श्वास घे जरा," म्हणाले आणि परत गेले. दुसऱ्याने चेंडू उंच उडवला, तो दूरवर झेलला गेला. पण तो चेंडू सोडताना वेंडलचा चेहरा पांढरा पडला, जणू आत कुणी दिवा मालवला.

तिसरा फलंदाज येऊन उभा राहिला, आणि टिंडल पुन्हा डगआउटच्या पायऱ्या चढून वर आले.

क्रॅब्ट्रीला वाटलं, म्हातारा विसरला. उठून त्याने छातीसमोर दोन बोटं धरली. "स्किप, एकदा येऊन गेलात तुम्ही."

टिंडल थांबले. त्यांनी ती बोटं पाहिली, मग क्रॅब्ट्रीला पाहिलं, शांतपणे. आणि मैदानावरची फक्कीची रेघ, जिच्यावर या खेळात कुणी पाय देत नाही, ती सांभाळून ओलांडून ते पुढे आले.

"आईने पाठवलेला पीचचा मुरंबा संपला का रे?" त्यांनी वेंडलला विचारलं.

"काय?"

"मला एकच बाटली मिळाली. पर्व्हिसने दोन ढापल्या म्हणे."

पंच शोल्ट्झ तोंडावरचा मुखवटा काढत येऊन पोचला. "ऑर्व्हिल, ही दुसरी."

"दुसरी काय?"

"फेरी. पोरगा बाहेर."

"छे, आधीची मागच्या डावातली."

"याच डावातली. या गावात सगळ्यांनी पाहिली, तू सोडून."

टिंडलनी टोपी काढून डोकं खाजवलं. इतकं वाईट सोंग क्रॅब्ट्रीने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते कुणालाच ओळखू आलं नाही. मग त्यांनी तळहात पुढे केला. वेंडलने चेंडू त्यात ठेवला नाही, आपटला.

बदली पिचर म्हणून पर्व्हिसला बोलावलं. चूक ही चूक दिसावी म्हणून त्याला आधी हात मोकळा करायलाही सांगितलेलं नव्हतं. तो कुंपणापाशी सॉसेज खात बसला होता. थंड हाताने आला, चार धावा देऊन बसला, आणि सामना गेला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडत होतं, "ऑर्व्हिल, पुढच्या वेळी मोजायला लोरीनला आण." जाळीमागे सौद्याची माणसं आठव्या डावातच उठून गेली.

कपडे बदलायच्या खोलीत हार्टसेल दारातच उभा राहिला. आत यायचीही त्याने तसदी घेतली नाही.

"सव्वीस वर्षं, आणि तुला दोनपर्यंत मोजता येत नाही?"

"आज नाही आलं."

"तिसऱ्या बेसवर मला जागा माणूस लागतो."

"बरोबर आहे तुमचं."

"इथेच राहा मग. पुढच्या वर्षीही." त्याने टोपी घातली आणि तो गेला.  टिंडल वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्या गाठी उकलायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

वेंडलने हातमोजा भिंतीवर फेकला. "म्हातारा चळलाय. माझा दिवस खाल्ला याने. सगळं आयुष्य खाल्लं."

 टिंडलनी मान वर केली. "हिवाळ्यात कुठे खेळणार होतास तू?"

"पोर्तो रिकोला."

"आता नाही. उलट बोलायची शिक्षा. मार्चपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. बापाच्या गाई आहेत ना? त्या वळ. टाकताना दिसलास असं मला कळलं, तर पुढच्या वर्षी बाकावर बसवीन."

"तुम्ही असं नाही करू शकत."

"केलं की."

वेंडल धुमसत खाली बसला. उजवं कोपर त्याने डाव्या तळव्यात धरलं होतं, त्याच्याही नकळत, झोपलेलं मूल धरावं तसं. सहा महिने, क्रॅब्ट्रीने मनात मोजले. सहा महिन्यांत पुष्कळ काही भरून येतं. त्याला वाटलं, उठावं आणि या पोराच्या कानाशी जाऊन सांगावं, की तुझा हात कुणी वाचवला आणि कशाच्या बदल्यात. 

तेवढ्यात पर्व्हिस कोपऱ्यातून म्हणाला, "स्किप, माझं सॉसेज अर्धंच राहिलं. पुढच्या वेळी विसरणार असाल, तर आधी सांगत चला."

एकदोघे हसले आणि अडखळले. हसावं की नाही, ते ठरवण्यासाठी सगळ्यांनी क्रॅब्ट्रीकडे, संघातल्या सर्वांत जुन्या माणसाकडे, पाहिलं. तो गंभीर राहिला असता तर कुणीतरी कारण विचारलंच असतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टिंडल शर्टाच्या गुंड्या काढत होते. त्यांची नजर क्रॅब्ट्रीवर होती. त्या नजरेत आज्ञा नव्हती. विनंतीच होती बहुधा, आणि ती क्रॅब्ट्रीने त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

तो हसला. मान मागे टाकून, मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "दोन, स्किप," तो म्हणाला, "एकानंतर दोन येतात," आणि मग सगळी खोली हसू लागली.