ओढ्यापलीकडची सही

कामशेतहून धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावाला पुण्याच्या ट्रस्टने मदत देऊ केली. अट एकच: पैशाचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरल्या मुदतीत ठरवावं. आता सभेला असा कितीसा वेळ लागणार? चावडीत अकरा पुरुष चहा पिऊन उठले, तोवर वेशीवर कमान बांधायचं ठरलंसुद्धा. उरलेल्या सह्या नेहमीप्रमाणे रजिस्टर घरोघर फिरवून घ्यायच्या. या रीतीमुळे गावात कोरम कधी कमी पडला नव्हता.

घोडं अडलं ते भागुबाईच्या उंबऱ्यात. तिची वस्ती ओढ्यापलीकडची. पावसाळ्यात ओढा भरला की नात पायल चार-चार दिवस शाळेला मुकायची. म्हातारीला कमान नको होती, ओढ्यावरून पायी जायला साकव हवा होता.

"मी सभेला न्हवते, मग सही कशी करू?" तिने सरपंच हौशीरामला विचारलं.

"मावशी, आजवर केलीच की."

"केली. चुकलंच माजं."

"पैसं माघारी गेलं तर गाव तुमाला बोल लावंल."

ते खरंच होतं आणि भागुबाई मनातून घाबरली होती. तरी ट्रस्टची कार्यकर्ती समीक्षा ठराव न्यायला आली, तेव्हा तिने चारचौघांत सांगून टाकलं, "बाई, सभा झालीच न्हाई."

समीक्षाने रजिस्टर मिटलं.

"मुदत आमच्या ऑफिसने घातलीय, ती आम्ही वाढवू," ती म्हणाली. "सगळ्यांना जमेल तेव्हा सभा घ्या. ठरेल त्याला पैसे देऊ. मी मात्र येणार नाही, नाहीतर सगळे माझ्याकडेच बघून बोलतील."

लावणी उरकल्यावर शाळेच्या पडवीत सभा भरली. बायकाही आल्या. भागुबाईने साकव मागितला. मग जन्मात सभेत तोंड न उघडलेली वरच्या वाडीची भामाबाई उठली. होळीनंतर आमच्या विहिरीला पाणी नसतं, दोन हंड्यांसाठी धरणापर्यंत उतरावं लागतं, वाडीला नळ हवा, एवढंच बोलून ती खाली बसली. हात मोजले. कमानीला चार, साकवाला एकोणीस, वरच्या वाडीच्या नळाला एकतीस.

भागुबाईने रजिस्टर पुढे ओढून सही केली.

घरी जाताना ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पायलने तिचा हात धरला. "आजी, आपण हरलो ना?"

"व्हय," भागुबाई पाण्यात पाऊल टाकत म्हणाली. "पर या खेपेला आपल्याला इचारून हरवलं."