भोंगामावशीचे ‘अहो’

भोंगामावशीचा आवाज मोठा होता, यात तिचा काही दोष नव्हता. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची सारी हयात गेली. तिथली यंत्रं एकदा सुरू झाली की शेजारी उभ्या असलेल्या बाईला ‘चादर धर’ एवढं सांगायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. नोकरी संपली, यंत्रं तिथेच राहिली, आवाज तेवढा मावशीबरोबर घरी आला. ती ‘बरी आहेस ना?’ म्हणाली तरी समोरच्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं.

मावशीचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एकट्या राहणाऱ्या विधवांना सरकारकडून भत्ता मिळतो, त्यावर तिचं बरं चाललं होतं. अशात एका सकाळी पोस्टमन भत्ता कार्यालयाची नोटीस हातात ठेवून गेला.

‘आपण एकट्या राहत असल्याचे भासवून भत्ता घेत आहात. प्रत्यक्षात आपल्या घरी एक प्रौढ पुरुष राहत असून तो दुपारभर झोपलेला असतो, अशी खात्रीलायक माहिती मिळाली आहे. खुलासा करावा.’

मावशीने नोटीस वाचली. पुन्हा वाचली. मग उठून पलंगाखाली वाकून पाहिलं. न जाणो, सरकारची माहिती खात्रीलायक होती.

दुपारी धाकटी बहीण धावत आली. दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच म्हणाली, “ताई, खरं सांग. कोण आहे?”

“अगं, कोण असणार?”

“मी काय नको म्हटलं असतं का? दिसायला कसा आहे तेवढं सांग.”

“तुझं डोकं फिरलंय का?”

“आणि दुपारभर झोपतो म्हणजे? काही कामधंदा नाही वाटतं?”

मावशी काही बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी लांबलचक घर्रर्र, मग फुस्स, मग घशात काही अडकल्यासारखं ख्यॅक. मावशीने तिकडे तोंड करून सवयीने आवाज चढवला, “अहो, जरा गप्प बसा! इथे माझ्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही खुशाल घोरताय!”

  दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग दोघींनी स्वयंपाकघरातल्या फ्रीजकडे पाहिलं.

हा फ्रीज यजमानांनी हौसेने आणलेला. त्यांना एक खोड होती. फ्रीजचं दार उघडायचं आणि काय घ्यायला आलो हे आठवत उभं राहायचं. मग मावशी ओरडायची, “अहो, दार लावा!” ते गेले, पण मावशीची जीभ काही थांबली नाही. फ्रीज म्हातारा झाला, घोरायला लागला, खोकायला लागला, आणि केव्हातरी, तिच्याही नकळत, मावशी त्यालाच ‘अहो’ म्हणू लागली. ‘अहो, उठा आता.’ ‘अहो, पुन्हा पाणी सांडलंत?’ घरी येणाऱ्या बहिणीलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

“म्हणजे तुझ्या घरात राहणारा पुरुष...” बहीण म्हणाली.

“हाच मेला!” मावशी म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली. नोटीस आठवल्यावर मात्र हसू तिथल्या तिथे विरलं. भत्ता बंद झाला तर खायचं काय?

दोनच दिवसांनी तपासणीसबाई आली. पोरगेलीच होती, पण चेहरा असा कडक की इस्त्री केल्यासारखा. दारातच तिची नजर खाली गेली.

“या पुरुषी चपला कुणाच्या?”

“माझ्याच. पाय बघा माझे. बायकांच्या चपलेत बोटं बाहेर येऊन रस्ता झाडतात.”

न्हाणीघरात दाढीचं सामान सापडलं.

“ते स्वेटरवरचे गोळे काढायला.”

दोरीवर ढगळ पँट वाळत होती.

“ती जळमटं काढताना घालते. स्टुलावर चढायचं तर साडी आवरू की झाडू?”

बाई लिहीत होती. तिचा चेहरा पाहून मावशीला कळून चुकलं की आपलं प्रत्येक खरं उत्तर आदल्या उत्तरापेक्षा जास्त खोटं वाटतंय.

“आणि ज्यांना तुम्ही ‘अहो’ म्हणता, ते?”

“तो फ्रीज आहे.”

बाईचं पेन थांबलं. “आडनाव?”

“फ्रीज म्हणजे फ्रीज! हा इथे उभाय तो! तोच घोरतो!”

बाई फ्रीजपुढे जाऊन उभी राहिली. मावशीही. फ्रीज मात्र नव्या जावयासारखा अदबीने उभा. हूं नाही की चूं नाही. मावशीने त्याला चुचकारलं, दार उघडून लावलं, शेवटी एक धपाटाही घातला. ढिम्म. बाईने चहा घेतला नाही, सरबत घेतलं नाही. “सुनावणीला या,” म्हणाली आणि निघून गेली. ती जिना उतरते न उतरते तोच फ्रीजने घर्रर्र करून असा सूर लावला की मावशीला रडू कोसळलं.

“अहो, माझ्या मुळावर उठलात का हो तुम्ही?” ती म्हणाली. यावेळी ओरडली नाही, त्यामुळे फ्रीजलाही ते नवीन असावं.

बहिणीने अक्कल लढवली. फोनवर घोरणं टेपच करून घेतलं आणि सुनावणीच्या दिवशी मोठ्या साहेबांच्या टेबलावर वाजवलं. साहेब डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते.

“हा पुरुषच आहे,” ते शेवटी म्हणाले. “पन्नाशी ओलांडलेला. सर्दीची प्रकृती. आमच्या सासऱ्यांचं अस्संच आहे.”

“साहेब, शपथ घेऊन सांगते, फ्रीज आहे हो!”

मावशीच्या आवाजाने पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाच्या हातातला शिक्का चुकीच्या जागी उमटला. साहेबांनी कानात बोट घालून हलवलं आणि सांगितलं, “तक्रारदारांना घेऊन मी स्वतः येतो. काय ते समोरासमोर होऊ दे.”

तक्रारदार म्हणून कोण यावं? पलीकडच्या खोलीत नव्यानेच राहायला आलेले घड्याळजी! बारीक चणीचे, विधुर, डोळ्याला भिंग लावायची इतकी सवय की एरवीही एक डोळा बारीक करून बघायचे. मावशीला पाहताच ते अर्धे झाले.

“बाई, देवाशपथ, मी भत्त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही,” ते म्हणाले. “माझं काम नाजूक. तुमच्या यजमानांनी घोरायला सुरुवात केली की भिंत थरथरते, चिमट्यातला स्क्रू उडून जातो. परवा एक चहात सापडला. म्हणून मी आवाज-त्रास विभागाला लिहिलं की शेजारच्या गृहस्थांना कुशीवर झोपायला सांगावं. बस्स.”

“आवाज-त्रास विभागाने ते आमच्याकडे पाठवलं,” साहेबांबरोबर आलेली तपासणीसबाई म्हणाली.

“अहो, मग दार वाजवायचं होतंत!” मावशी कडाडली.

“तुमचा आवाज ऐकून हिंमत झाली नाही,” घड्याळजी खरं ते बोलले.

सगळे स्वयंपाकघरात गेले. फ्रीज पुन्हा मुका. साहेबांनी वाट पाहिली. जांभया दिल्या. बहीण मनातल्या मनात देवाला काय काय कबूल करत होती. मावशीचा मात्र आता तोल गेला.

“अहो, चार माणसं आलीत घरात!” ती फ्रीजवर ओरडली. “एरवी दिवसभर तोंड चालू असतं, आणि आज बायकोची अब्रू जायची वेळ आली तर दातखीळ बसली?”

ओरडण्याचा दणका असा की साहेब दचकून मागे सरकले आणि त्यांची पाठ फ्रीजला टेकली. त्याच क्षणी त्यांच्या कानाशी आवाज आला: घर्रर्रर्र... फुस्स... ख्यॅक!

साहेब हातभर उडाले. वळले. हात जोडले आणि म्हणाले, “माफ करा हं, झोपमोड केली!”

 मग तपासणीसबाईच्या तोंडून हसण्याचा असा फवारा उडाला की तिच्या चेहऱ्याची इस्त्री पार मोडली. ती ओट्याला धरून खालीच बसली. साहेब जोडलेले हात काय करावेत हे न कळून तसेच उभे होते.

आदेश मात्र त्यांनी कायदेशीर भाषेत लिहिला: ‘सदर इसम यांत्रिक स्वरूपाचा असून लाभार्थी एकट्याच राहतात. भत्ता चालू ठेवावा.’ त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला. साहेबांनी तर दोनदा, पण फ्रीजकडे पाठ करून बसायला ते काही तयार झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी पेचकस घेऊन दारात उभे राहिले. ओशाळले होते बिचारे. त्यांनी फ्रीज पुढे ओढला, मागे काहीतरी सैल झालेलं आवळलं, एक रबराचा तुकडा बसवला आणि घोरणं बंद झालं. मावशीने तोंडभरून कौतुक केलं. पण दुपारी आडवी झाली तर डोळ्याला डोळा लागेना. घर इतकं शांत की स्वतःचं गिळणं ऐकू यावं. तिने बहिणीला फोन लावला, रेडिओ लावला, स्वतःशीच भांडून पाहिलं. कशानेच जमेना. समोरून उत्तरच येत नव्हतं.

शेवटी तिने घड्याळजींचं दार वाजवलं.

“काय झालं?” घाबरून त्यांनी विचारलं.

“तेवढं रबर काढा,” मावशी म्हणाली.

“अहो, पण माझे स्क्रू?”

“टेबल दुसऱ्या भिंतीला लावा. चला, मी धरते एका बाजूने.”

घड्याळजींनी एक डोळा बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने टेबलावरची घड्याळं एकेक करून पलंगावर काढून ठेवायला लागले, आणि मावशीने बाह्या सरसावल्या.